ऱ्हाइनकाठी एक दिवस

प्रवासवर्णने लिहिण्याचा प्रघात आता इतका वाढला आहे की, महाबळेश्वरास चार दिवस राहून आलेला मनुष्यही आठ पाने लिहिल्यावाचून राहत नाही. आम्ही मिरजेच्या एका शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकविले. शालान्त परीक्षेपुढे आमची इंग्रजी विद्या गेली नाही. पुढे जे काही अध्ययन झाले ते पाठशाळेतील गुरुजींच्या पायाशी बसून. अशा मनुष्याने युरोपातील एखाद्या नगराविषयी सुज्ञ वाचकांस नवीन ते काय सांगावे? तथापि गेल्या जानेवारीत जर्मनीतील बॉन या गावी आम्ही जो एक दिवस हिंडून काढला, त्याचा हिशेब आमच्याकडे अद्याप बाकी आहे. आणि आमच्या ज्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी हे मासिक जाते, त्यांस तो सादर करणे आम्हांस भाग आहे. का, ते पुढे येईलच.

आमचे स्नेही अण्णा हे त्याच शाळेत गणिताचे शिक्षक. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी असत, आणि एवढ्या वर्षांत आमचा वाद झाला नाही असा दिवस दाखविणे कठीण. ते आम्हांस ‘शास्त्रीबुवा’ म्हणतात. त्या हाकेत थट्टा किती व आदर किती याचा त्रैराशिक हिशेब त्यांनी आम्हांस कधी लागू दिला नाही. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त नऊ वर्षे बॉन येथे राहतात. हेही आमचेच विद्यार्थी, आणि संस्कृतात वर्गात पहिले येणारे. सूनबाईंच्या बाळंतपणासाठी वहिनी ऑक्टोबरातच तिकडे गेल्या होत्या. त्यांस परत आणण्यास अण्णांनी जावे असे ठरले. अण्णांस अलीकडे ऐकू कमी येते. कानात यंत्र असते, पण विमानतळाच्या गलबल्यात त्याचा काही उपयोग नाही. “सोबतीला तुम्ही चला,” ते म्हणाले. “तुमचे जर्मन पंडितही तिथेच पुरलेले आहेत. एकदा समक्ष विचारून घ्या.” काय विचारून घ्यावयाचे ते त्यांनी सांगितले नाही, व आम्हीही विचारले नाही. आमच्या मंडळींनी कानटोपी विणून दिली, मेतकुटाचा डबा दिला, आणि आम्ही निघालो.

थंडी आम्हांस ठाऊक आहे अशी आमची समजूत होती. पौषातल्या पहाटे कृष्णाघाटावर स्नान केलेल्या मनुष्यास थंडीची भीती ती काय? परंतु आपल्याकडची थंडी सूर्य वर येताच आवराआवर करू लागते. बॉनचा सूर्य जानेवारीत सकाळी साडेआठपर्यंत उगवत नाही व सायंकाळी पाचाच्या आत दिसेनासा होतो; मधल्या वेळातही तो असतोच असे नाही. प्रातःसंध्येसाठी आम्हांस लवकर उठण्याचे कारण पडले नाही. आठ वाजता उठूनही आम्ही सूर्याच्या आधीच. बर्फ पडलेला नव्हता. पारा शून्याखाली दोन अंश होता, आणि ऱ्हाइन नदीवरून येणारे धुके अंगावरच्या लोकरीच्या तीन थरांतून आत शिरून हाडांस बिलगत होते. चिरंजीवांचा जुना ओव्हरकोट आम्हांस घोट्यापर्यंत येत असे. अण्णांचा चष्मा घरात शिरताच वाफेने पांढरा होई, आणि मग ते दारातच उभे राहून “कोण आहे?” म्हणून विचारीत. वहिनींची त्यावर हसून पुरेवाट.

पोहोचल्यानंतर तिसऱ्या रात्रीची गोष्ट. पिठलेभाताचे जेवण चालले होते. चिरंजीव अत्यंत आदबीने म्हणाले, “सर, एक विचारायचे राहून गेले आहे. आम्ही नववीत असताना तुम्ही सांगितले होते, की जर्मनांनी आपले वेदग्रंथ जहाजे भरून इकडे आणले, आणि त्यांतली विमानविद्या वाचून विमाने व अग्निबाण तयार केले. मी हे कचेरीत एका सहकाऱ्याला सांगितले. तो इथल्याच विद्यापीठात थोडे संस्कृत शिकलेला आहे. तो हसला नाही. त्याने वही काढली आणि ग्रंथाचे नाव विचारले. मी म्हटले, माझ्या गुरुजींना विचारून सांगतो. याला दोन वर्षे झाली. अजून भेटला की विचारतो. फोनवर विचारणे मला बरे वाटेना.”

आमच्या हातातील घास हातातच राहिला. “शोधून सांगतो,” एवढे आम्ही म्हणालो. अण्णा ताटाकडे पाहत होते. यंत्र त्यांच्या कानात होते की काढून ठेविलेले होते, हे पाहण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही.

त्या रात्री झोप लागली नाही, व तिला थंडीचे निमित्त पुरे पडेना. ती गोष्ट आम्ही कोठे वाचली होती? कोठेच नाही. तरुणपणी एका गणेशोत्सवातील व्याख्यानात ऐकली. नोकरीच्या पहिल्या वर्षी नववीच्या वर्गात सांगून पाहिली, तो वर्ग एकदम चिडीचूप झाला. मागल्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे वाकून ऐकू लागली. ज्या शिक्षकाला तिसऱ्या प्रहरच्या तासास विभक्ती शिकवावयाच्या आहेत, त्यास असे चिडीचूप म्हणजे केवढा लाभ, हे शिक्षकी केलेल्यांसच कळेल. तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये पहिल्या पाठाच्या आधी ती गोष्ट आम्ही सांगत आलो. तिच्यात वर्षागणिक थोडी भरही पडत गेली असावी; जहाजांची संख्या आरंभी निश्चितच कमी होती.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव कामावर गेले. जाण्यापूर्वी त्यांनी कागदावर पाहावयाच्या जागा क्रमाने लिहून दिल्या, सूनबाईंनी आल्याच्या चहाची थर्मासची बाटली पिशवीत घातली, आणि आम्ही दोघे वृद्ध ट्रामने गावात उतरलो.

पहिली जागा अण्णांच्या आवडीची. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तेथेच आहे, आणि सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेस जाता जाता अण्णांचा कान तयार झालेला. तेव्हा बेथोव्हन या थोर संगीतकाराचे जन्मघर त्यांनी आधी पाहावयाचे ठरविले, यात नवल नाही. हे घर बॉनगास नावाच्या गल्लीत आहे. १७ डिसेंबर १७७० रोजी या मुलाचा नामसंस्कार झाल्याची नोंद आहे. जन्मतिथीची मात्र कोठेच नाही. आपल्याकडे पत्रिकेवाचून असे घडते ना! आजोबा व बाप दोघेही तेथील राजदरबारी गायक. जन्माची म्हणून दाखवितात ती खोली छपराखालची, इतकी ठेंगणी की, आमची कानटोपी तक्तपोशीस लागते की काय असे वाटले. १७९२ साली हा तरुण व्हिएन्नास गेला तो पुन्हा या गावी परतला नाही. दरबारच्या वाद्यवृंदात तो जे व्हायोला नावाचे वाद्य वाजवी, ते तेथे काचेआड ठेविले आहे. अण्णा त्याच्या घोडीकडे व खुंट्यांकडे मिरजकराच्या नजरेने बराच वेळ पाहत राहिले.

पुढील एका कपाटात पितळी कर्णे मांडलेले आहेत. बेथोव्हनास तारुण्यातच बहिरेपण येऊ लागले; मेल्ट्सेल नावाच्या कारागिराने त्याच्यासाठी हे कर्णे १८१२ ते १८१४ च्या सुमारास बनवून दिले. त्यांचा फारसा उपयोग झाला नाही, आणि पुढे १८१८ पासून लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलू लागले. अण्णांनी आपल्या कानातील यंत्र काढले, तळहातावर घेतले, आणि काचेपाशी धरून दोहोंकडे आळीपाळीने पाहिले. आमची शेंगदाण्याएवढी वस्तू आणि त्याचा हा हातभर लांब कर्णा. ते काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, “शास्त्रीबुवा, याने स्वतःची शेवटची रचना ऐकलीच नाही. मला निदान नातीचे रडणे तरी ऐकू येते.”

तेथून मुन्स्टर चौक जवळच. जुन्या मोठ्या चर्चच्या शेजारी बेथोव्हनचा पुतळा आहे, तो १८४५ च्या ऑगस्टात उभारला. त्या समारंभास प्रशियाचा राजा व इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया समोरच्या वाड्याच्या सज्जात बसली होती. वस्त्र दूर होताच दिसले काय, तर पुतळ्याची पाठ सज्जाकडे! ज्या वाड्यातून राजाराणीने ती पाठ पाहिली, तेथे पुढे टपालकचेरी आली. चौकात एक मनुष्य शेगडीवर चेस्टनटची फळे भाजून विकीत होता. आम्ही एक पुडी घेतली. चव हुबेहूब भाजलेल्या फणसाच्या आठळीची. डोळे मिटले तर आपण कोकणात मावशीच्या चुलीपाशी बसलो आहो असे वाटावे. पुडी खिशात ठेवली म्हणजे हातही गरम राहतात. अण्णांनी त्या सोयीचा लाभ अधिक घेतला, कारण त्यांचा एक हातमोजा ट्राममध्येच राहिला होता.

त्या पुतळ्यासाठी जी मंडळी प्रथम जमली, तिचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे होते त्यांच्याचसाठी आम्ही या गावी आलो होतो. ऑगुस्ट विल्हेल्म श्लेगेल हे त्यांचे नाव. पुतळा उभा राहण्याच्या तीनच महिने आधी, १२ मे १८४५ रोजी, ते वारले.

आमच्या पिढीच्या संस्कृत शिक्षकांस श्लेगेल हे नाव ऐकून ठाऊक असते. त्यापलीकडे फारसे काही ठाऊक नसते. आम्हांसही नव्हते. चिरंजीवांनी दिलेल्या दोन पुस्तकांवरून व त्या रात्रीच्या जागरणात संगणकावर वाचून जे कळले ते येणेप्रमाणे. बॉनचे विद्यापीठ प्रशियाच्या राजाने १८१८ च्या ऑक्टोबरात स्थापिले आणि त्याच साली तेथे श्लेगेल यांची नेमणूक झाली. जर्मनीतील संस्कृताचे पहिले अध्यापकपद ते हेच. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे शस्त्र खाली ठेविले होते. आमच्या मनात ही दोन सने आजवर कधी शेजारी बसली नव्हती. पेशवाई बुडाली ते साल आम्हांस तोंडपाठ, आणि ऱ्हाइनकाठी संस्कृताची गादी स्थापन झाली ते साल ठाऊक नाही, हा आमचा इतिहास.

बरे, हे श्लेगेल पोटापाण्यासाठी संस्कृत शिकले म्हणावे, तर तसेही नाही. शेक्सपिअरची सतरा नाटके जर्मन भाषेत उतरवून ते आधीच विख्यात झाले होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांनी संस्कृताची बाराखडी गिरविण्यास आरंभ केला. शिकविण्यास शास्त्री नाही, धड कोश नाही. विल्किन्ससारख्या इंग्रजाने लिहिलेले व्याकरण आणि पुस्तकालयातील हस्तलिखिते यांवर सारी मदार. बॉनमध्ये आल्यावर छापण्यास देवनागरी अक्षरे नाहीत. तेव्हा प्रशियन सरकारच्या खर्चाने त्यांनी पॅरिसमध्ये ठसे कोरवून खिळे पाडविले, आणि १८२३ साली बॉन येथे मूळ भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी सर्वांआधी त्या अनाम कवीच्या पाउलांस वंदन केले आहे, कारण गुरूविषयी आदर हे ब्राह्मणांत पवित्र कर्तव्य मानितात, असे त्यांनी वाचले होते. पुढे वाल्मीकि रामायण हाती घेतले. त्यासाठी त्यांचे शिष्य लासेन यांनी लंडन व पॅरिस येथे जाऊन हस्तलिखितांच्या प्रती उतरून आणिल्या. जहाजे कोठेच नाहीत. एक विद्यार्थी, एक दौत, आणि दुसऱ्यांच्या कपाटातील पोथ्या.

विद्यापीठाची पिवळ्या रंगाची लांबच लांब इमारत आम्ही बाहेरूनच पाहिली. ती पूर्वी तेथील धर्माधिकारी राजाचा वाडा होती. १८ ऑक्टोबर १९४४ रोजी, म्हणजे विद्यापीठाच्या वर्धापनदिनीच, बॉम्बवर्षावात ती जळाली व युद्धानंतर पुन्हा बांधली. हाइनरिख हाइने हा कवी येथे श्लेगेल यांच्या वर्गात बसत असे. कार्ल मार्क्स यानेही येथे पहिले वर्ष काढले व श्लेगेल यांची होमरवरील व्याख्याने ऐकली. हाइनेने पुढे आपल्या गुरूची यथेच्छ टवाळी केली: म्हणे हातात उंची कातडी मोजे घालून, अत्तर लावून वर्गात येत, आणि मेणबत्तीची वात सारण्यास गणवेषातला नोकर शेजारी उभा! हे ऐकून अण्णा आपला मोजा नसलेला हात पाहत म्हणाले, “मोजे घालून शिकवणाऱ्यावर हसू नये. मला आता त्यांची बाजू पटते.” समोरच्या विस्तीर्ण हिरवळीवर दंव गोठून पांढरे झाले होते. चार मिनिटांच्या वर तेथे उभे राहवेना. नदीवरही आम्ही गेलो, पण पलीकडच्या सात डोंगरांपैकी एकही धुक्याने दिसू दिला नाही. तेव्हा ऱ्हाइनच्या शोभेचे वर्णन वाचकांनी अन्यत्र वाचावे.

जुने स्मशान स्थानकाच्या पलीकडे थोड्या अंतरावर आहे. १७१५ साली ते सुरू झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वसाधारण लोकांस बंद झाले. उंच उंच झाडे, त्यांखाली शेवाळलेले दगड, आणि माणूस नाही. बेथोव्हनची आई येथे आहे. पलीकडे रोबर्ट शुमान या संगीतकाराचे व त्याच्या पत्नीचे पांढऱ्या संगमरवराचे देखणे स्मारक. अण्णा तेथे थांबले, टोपी काढली, थंडी वाजताच पुन्हा घातली. श्लेगेल यांची जागा शोधण्यास आम्हांस पाऊण तास लागला. नाव रोमन लिपीत कोरलेले, ते आम्ही अक्षर अक्षर लावून वाचले.

हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांचा एक थोरला भाऊ मात्र पाहून गेला. कार्ल आउगुस्ट हा इंग्रज कंपनीच्या चाकरीतील हानोव्हरच्या पलटणीबरोबर मद्रासेस आला आणि १७८९ साली तेथेच वारला. घरातील एक मनुष्य ज्या देशाने परत दिला नाही, त्या देशाची भाषा दुसऱ्याने उतारवयात शिकावी! आम्ही तर त्या भाषेच्या घरात जन्मलो. वाल्मीकि रामायणाचे सातही कांड आम्ही सलग वाचलेले नाहीत. अभ्यासक्रमात येई तेवढे सर्ग वाचले, परीक्षेत येतील तेवढे शिकविले. हे लिहिताना लाज वाटते. पण लिहावयास बसलो ते एवढ्याचसाठी.

आम्ही हात जोडले. मग अण्णांकडे न पाहता, हलक्या आवाजात म्हणालो, “अण्णा, ती जहाजांची गोष्ट खोटी आहे. आम्ही ती कोठेही वाचलेली नाही.”

अण्णा समोरच्या झाडाकडे पाहत राहिले.

एवढे बोलावयास आम्हांस चौतीस वर्षे लागली होती, आणि उत्तर नाही! आम्ही वळून पाहिले, तो अण्णा कानाकडे बोट दाखवीत होते. थंडीने यंत्रातील बॅटरीने मान टाकली होती. “काय म्हणालात? मोठ्याने बोला!” ते ओरडले. तेव्हा त्या निःशब्द जागी, वीस हातांवर बेथोव्हनच्या मातोश्री निजलेल्या असताना, आम्हांस तेच वाक्य सभेत बोलावे तसे पुन्हा मोठ्याने उच्चारावे लागले. झाडावरून एक कावळा उडाला.

अण्णा हसले नाहीत. वास्तविक त्यांस तो अधिकार होता. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी आम्हांस कितीदा तरी छेडले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली वैमानिकशास्त्र नावाच्या पोथीची तपासणी केली. ती विसाव्या शतकाच्या आरंभी सांगून लिहविलेली निघाली, आणि तिच्यातली विमाने उडू शकणार नाहीत असा त्यांचा निर्णय झाला, हे अण्णांनी आम्हांस कागदासह दाखविले होते. आम्ही त्या वेळी “तुमच्या लोकांस संस्कृत कळत नाही” असे म्हणून चहा मागविला होता. ते सर्व त्या क्षणी त्यांस काढता आले असते. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून आमच्या हाती दिला आणि खिशातून पेन्सिल काढली. चिरंजीवांच्या कागदाच्या मागल्या बाजूस त्यांनी मांडणी केली: नववीच्या तुकड्या दोन, प्रत्येकी मुले पन्नास, वर्षे चौतीस. “तीन हजार चारशे,” ते म्हणाले. “नापास होऊन दोनदा ऐकलेले वजा करा, थोडे कमी होतील.”

मग परत निघता निघता, आपला आवाज किती मोठा होतो आहे हे न कळून, त्यांनी आम्हांस एक प्रश्न विचारला, तो आजही कानात आहे. “शास्त्रीबुवा, आपल्या मिरजेत पटवर्धनांनी १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरवून गीता छापली. यांच्या आधी अठरा वर्षे. हे त्या पोरांना कधी सांगितले होते का?”

सांगितले नव्हते. ठाऊक होते, ग्रंथालयातील एका कार्यक्रमात ऐकले होते. पण तांब्याचा पत्रा, कोरके, एका संस्थानिकाची हौस, यांत वर्ग चिडीचूप करण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटले नव्हते. तशीच दुसरी गोष्ट. ब्यूलर, कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी मुंबई सरकारच्या नोकरीत असताना गावोगाव हिंडून जी हस्तलिखिते सरकारी संग्रहासाठी मिळविली, त्यांतील हजारो पोथ्या आज पुण्यास भांडारकर संस्थेत आहेत. मिरजेहून पुण्यास आगगाडी जाते. पोथ्या समुद्रापार गेल्याच नाहीत असे मात्र आम्ही म्हणत नाही. इंग्रजांनी जिंकलेल्या राजांची पुस्तकालये लंडनास गेली, हे इतिहासात नमूद आहे. परंतु ज्या पोथ्या पुण्यातच आहेत त्या पाहण्यास आम्ही चौतीस वर्षांत एकदाही वर्ग नेला नाही, याचा दोष कोणा जर्मनाच्या माथी मारावयाचा?

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही चिरंजीवांस बोलाविले व सांगितले, की त्या ग्रंथाचे नाव नाही, कारण ग्रंथच नाही. आम्ही ऐकीव सांगितले. वहिनी भांडी आवरता आवरता थांबल्या. चिरंजीव काही वेळ गप्प बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाला आम्ही उत्तर दिले असते. मग ते नववीतल्या मुलासारखे, अगदी सरळ, म्हणाले, “सर, मग बाकीचे?”

हे दोन शब्द आमच्या अंगावर त्या दिवसाच्या सर्व थंडीपेक्षा अधिक काटा आणून गेले. ज्याने एक नाणे खोटे दिले त्याच्या पिशवीतील सगळीच वाजवून पाहावी लागतात, हा व्यवहारच आहे. आम्ही म्हणालो, “बाकीचे आता येथेच तपासू. आठवेल ते सांग.”

तेव्हा त्यांनी वही घेतली, अण्णा नवी बॅटरी घालून शेजारी बसले, आणि दीड वाजेपर्यंत तो वर्ग चालला. चौदा गोष्टी त्यांस आठवल्या. पाणिनीची सूत्रे सुमारे चार हजार, व त्यांत सबंध भाषा बांधली आहे, ही कायम. शून्याच्या गणिताचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली दिले, यास अण्णांनी साक्ष दिली व आणखी दोन वाक्ये घातली. संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा, असे अमेरिकेच्या नासा संस्थेने ठरविले आहे, हे मात्र टिकले नाही: १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाचा त्या विषयावर एक लेख एका नियतकालिकात आला होता, संस्थेने ठरविलेले काही नाही. ते आमच्याकडून खोडले गेले. एकूण आठ कायम, चार खोडलेल्या, दोन शोधावयाच्या. मधे एकदा चिरंजीवांनी संगणकाच्या पडद्यावर १८२३ ची ती गीता काढून दाखविली. अक्षरे किंचित बोजड, पण कोणाही मराठी मुलास वाचता यावी अशी स्वच्छ. चिरंजीवांनी पहिला श्लोक मोठ्याने म्हटला. विसर्गाचा उच्चार आम्ही शिकविला तसाच, जराही न बिघडलेला. आतल्या खोलीत बाळ उठले व वहिनींनी दिवा मालविण्याचा हुकूम सोडला.

चिरंजीवांच्या सहकाऱ्यास दुसऱ्या दिवशी निरोप गेला. त्यांनी लिहिले की, ग्रंथ नाही हे कळविल्याबद्दल आभार. परंतु मिरजेच्या गीतेविषयी कोठे वाचावयास मिळेल? या खेपेस आमच्याकडे उत्तर होते. अ. का. प्रियोळकर यांच्या हिंदुस्थानातील मुद्रणकलेवरील १९५८ सालच्या ग्रंथाचे नाव आम्ही चिठ्ठीवर लिहून दिले, व परत आल्यावर प्रथम ग्रंथालयात जाऊन ते पान स्वतः पुन्हा वाचून पाहिले.

आता राहिले तीन हजार चारशे, वजा अण्णांचे नापास. त्यांपैकी या मासिकाचे वाचक किती असतील ते आम्हांस ठाऊक नाही. ज्यांच्या जुन्या वह्या अद्याप घरच्या माळ्यावर असतील, त्यांनी नववीची संस्कृतची वही काढावी. पहिल्या पाठाच्या आधीच्या पानावर जहाजांविषयी चार ओळी सापडतील, त्या तांबड्या शाईने खोडाव्यात. समासात मिरजेच्या गीतेपुरती जागा असेल.